मेक्सिको सिटीत राहायचं कुठे? आधी संध्याकाळ बघा

परवा माझ्या मावसबहिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. लेकीची दहावी संपली की लगेच ती, नवरा, लेक आणि सासूबाई असे चौघं मेक्सिको सिटीला चाललेत, नवऱ्याचं तिकडे ऑफिसचं काम निघालंय म्हणून त्याला जोडून दहा दिवसांची सुट्टी. तर नकाशावर तिने बघायच्या सगळ्या जागांना लाल टाचण्या टोचल्या होत्या, पंधरा-सोळा तरी असतील, आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध एक फ्लॅट शोधून ठेवला होता. खाली मेसेज, "बघ ना ताई, इथून सगळं सारख्याच अंतरावर पडतं, बुक करू का?"

मी तिला लगेच फोन लावला आणि म्हटलं थांब, अजिबात पैसे भरू नकोस. कारण गेल्या दिवाळीनंतर मी हेच केलं होतं, अशाच टाचण्या, असाच मधला फ्लॅट, आणि त्याचा त्रास माझ्या आईला झाला. फोनवर दीड तास बोलले तरी सगळं सांगून झालं नाही म्हणून इथे लिहून काढतेय, अजून कोणाला तरी उपयोग होईल.

आम्ही गेलो होतो त्याची गोष्ट अशी की दादा ह्यूस्टनला असतो, यंदा भाऊबीज त्याच्याकडे केली, आणि आई एवढ्या लांब आलीच आहे तर तिला अजून एक देश दाखवू असं डोक्यात आलं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की आपल्या पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि ह्यूस्टनहून विमान दोन-सव्वादोन तासांचं. आई ७२ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, पण तब्येत ठणठणीत, आजही संकष्टीला पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढते. त्यामुळे चौथा मजला आणि लिफ्ट नाही हे वाचूनही मला काही वाटलं नव्हतं. फोटो फार सुंदर होते हो, उंच छताची जुनी खोली, लोखंडी नक्षीची गॅलरी, खाली दगडी रस्ता.

एक गोष्ट मी लक्षातच घेतली नाही. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून त्याच्याही वर सहाशे मीटर आहात, आणि तिथे बॅगा घेऊन चार जिने चढताय. ह्यूस्टन तर जवळजवळ समुद्राच्या पातळीवरच. आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसली, चेहरा पांढरा, म्हणाली "अगं मला श्वासच पुरत नाहीये." मी पाण्याची बाटली उघडली, पदराने वारा घालत बसले, आणि दहा मिनिटांनी ती उठली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. नंतर दोन दिवसांत तिला सवय झाली, बऱ्याच जणांना होते, पण ते पहिले दोन दिवस ती दिवसातून एकदाच खाली उतरायची. म्हणजे मधोमध राहण्याचा सगळा हेतूच संपला.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळ. मला खरं तर हेच सांगायचंय. फिरायला गेल्यावर दिवसभर आपण कुठे ना कुठे बाहेर असतो, तिथे मेट्रोने जा नाहीतर टॅक्सीने जा, वीस मिनिटं इकडे तिकडे काही फरक पडत नाही. पण सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर तुम्ही घराजवळच असता. पाय दुखत असतात, भूक लागलेली असते, थोडंसं खाली जाऊन यावंसं वाटत असतं. त्या वेळी तुमच्या दाराबाहेर काय आहे, यावर अख्खी ट्रिप ठरते. टाचण्या दिवसाच्या असतात, घर संध्याकाळचं असतं.

आमचं पहिलं घर सेंत्रो इस्तोरिकोत होतं, म्हणजे जुनं शहर, सोकालो या मोठ्या चौकापासून पाच-सहा गल्ल्यांवर. पुणेकरांना पटकन कळेल असं सांगायचं तर आपल्या पेठा. अगदी पेठाच. एकेका मालाची एकेक गल्ली, दोन्सेलेस रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं ओळीने, मला अप्पा बळवंत चौकाचीच आठवण झाली, बोलिवार रस्त्यावर गिटारी आणि ढोल, विक्तोरिया रस्त्यावर दिवे आणि वायरी, रेपुब्लिका दे चिले रस्त्यावर लग्नाचे झगे. दिवसा पाय ठेवायला जागा नाही. आणि संध्याकाळी सात-आठ वाजले की शटर खाली, माणसं मेट्रोने आपापल्या घरी, आणि तीच गल्ली रिकामी. मादेरो हा पायी चालायचा रस्ता आणि बेयास आर्तेस या कलामहालाच्या आसपास माणसं असतात, पण आमची गल्ली त्यात नव्हती. आई आणि मी साडेआठला दही आणायला उतरलो, दोनशे पावलं गेलो, दिवे कमी, दुकान एकही उघडं नाही, आणि गपचूप परत वर आलो. वर येऊन झोपावं तर खाली एक बार, त्याचा ढणढणाट शुक्रवारी-शनिवारी पहाटे तीनपर्यंत. घरमालकाला मेसेज केला तर उत्तर आलं की कानात घालायचे बोळे टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. म्हणजे त्याला आवाज माहीत होता, फक्त जाहिरातीत लिहिला नव्हता. मला याचा अजून राग आहे.

पण सेंत्रोच्या पहाटेबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी आईला बरं वाटल्यावर आम्ही लवकर सोकालोवर गेलो. एवढा प्रचंड मोकळा चौक, एका बाजूला कॅथेड्रल, बाजूला राष्ट्रपतींचा वाडा, आणि सैनिक तो अवाढव्य झेंडा घेऊन येतात आणि चढवतात. कॅथेड्रलच्या शेजारीच तेंप्लो मायोर, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधीच्या तेनोच्तित्लान शहराचं मुख्य देऊळ. १५२१ मध्ये ते शहर पडलं, देवळाचे दगड उपसून वर नवं शहर बांधलं, आणि १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत असताना त्यांना कोयोल्शाउकी देवीची गोल शिळा सापडली, तेव्हा सगळं उत्खनन सुरू झालं. आई कठड्याला धरून बराच वेळ त्या पायऱ्यांकडे बघत होती.

आणि तिथून उत्तरेला दोन-तीन गल्ल्यांवर, ज्यासाठी मी खरं तर सेंत्रोत घर घेतलं होतं ती इमारत. जुनं शिक्षण मंत्रालय, आता तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय केलंय. चित्रकार दिएगो रिवेराने १९२० च्या दशकात तिथल्या भिंती रंगवल्या, अंगण-व्हरांडे-जिने सगळं. वरच्या मजल्यावर एक चित्र आहे, टेबलाभोवती माणसं बसलीत आणि एक जण भाकर वाटतोय, आणि तो माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागावर म्हणून देशोदेशी फिरत शेवटी मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. आईला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. तिथे उभं करून सांगितलं तर ती एकदम गप्पच झाली, मग हळूच म्हणाली "एवढ्या लांब आपलं माणूस." मराठी माणसाने मेक्सिको सिटीत जाऊन हे बघितलं नाही तर मला खरंच वाईट वाटेल. पण त्यासाठी सेंत्रोत राहायची गरज नाही, मेट्रोने या, बघा, परत जा.

सेंत्रोत कोणी राहावं? एक-दोन रात्रीच असतील, गुडघे तरुण असतील, तर जरूर राहा, पण मादेरो किंवा सिंको दे मायो या रस्त्यांवर, आलामेदा बागेच्या बाजूला, लिफ्ट असलेल्या हॉटेलात, आणि रस्त्यावरची नको, आतल्या चौकाकडची खोली मागा. आणि एक लक्षात ठेवा की सोकालोवर सतत काही ना काही असतं, मोर्चा, सभा, जत्रा, आणि तेव्हा रस्ते बंद होतात, टॅक्सी दारापर्यंत येत नाही. १५ सप्टेंबरच्या रात्री तर स्वातंत्र्यदिनाची घोषणा तिथेच होते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर बॅगा घेऊन पोचायचं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

चौथ्या दिवशी आम्ही घर बदललं. उरलेल्या तीन रात्रींचे पैसे परत मिळाले नाहीत, पण मी विचारच केला नाही. रोमा सूरमध्ये, म्हणजे रोमा वस्तीच्या दक्षिण भागात, एका बाईंच्या घराची तळमजल्याची खोली मिळाली, छोटं स्वयंपाकघर वेगळं, बाहेर अंगण, आणि त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहायच्या.

रोमा आणि शेजारची कोंदेसा हे भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसले, रुंद रस्ते, मध्ये झाडांची रांग, जुने बंगले. आपल्याकडचा प्रभात रोड आणि कोरेगाव पार्क एकत्र केले तर साधारण तसं वाटेल. कोंदेसात आवेनिदा आम्स्तर्दाम म्हणून एक लंबगोल रस्ता आहे, तिथे पूर्वी घोड्यांच्या शर्यती व्हायच्या, तो मैदानाचा आकार तसाच रस्त्यात राहिलाय, त्यामुळे चालत राहिलात की फिरून तिथेच येता. आईला हे इतकं आवडलं की रोज एक फेरी ठरलेली. वळणाच्या आत पार्के मेहिको बाग. संध्याकाळी सहाला तिथे अख्खं गाव लोटतं, पोरं स्केटिंग करतायत, कुत्री धावतायत, म्हातारी माणसं बाकावर. आमच्या घरापासून आईच्या चालीने वीस मिनिटं. तिथे एका बाकावर आई बसायला लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याच वयाच्या एक बाई एक छोटा पांढरा कुत्रा घेऊन शेजारी येऊन बसायला लागल्या. आईला स्पॅनिश येत नाही, त्यांना मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी नाही. तरी अर्धा अर्धा तास दोघी बोलत होत्या, काय ते त्यांनाच ठाऊक, आई गुडघ्याला हात लावून दाखवायची, त्या कमरेला. मी म्हणते हाच तो मुक्काम. म्युझियमं आम्ही दोन कमी बघितली.

बघण्यापेक्षा राहणंच जास्त लक्षात राहिलंय मला. रोमा सूरमध्ये मेदेयीन मंडई आहे, छप्पर असलेली, आपल्या मंडईसारखी पण बैठी. तिथे चिंच मिळते, कच्ची केळी मिळतात, पेरू, सीताफळ, शेंगदाणे, रताळी, मिरच्यांचे तर ढीग. मुळात मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ हे सगळं तिकडूनच पोर्तुगीजांच्या वेळी आपल्याकडे आलं, पण आईला वाटलं आपलंच सगळं इथे कसं. आणि झेंडू! आम्ही गेलो तेव्हा त्यांचा मृतांचा सण जवळ आला होता, १ आणि २ नोव्हेंबर, मंडईच्या बाहेर झेंडूचे ट्रकच्या ट्रक, वास अगदी दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या मार्केट यार्डचा. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, ते त्याला सेंपासुचिल म्हणतात. घरमालकीणबाईंनी अंगणात टेबल मांडून त्यांच्या गेलेल्या माणसांचे फोटो, फुलं, पाणी, मीठ, आवडीचे पदार्थ ठेवले, आई म्हणाली "ही तर सर्वपित्री." मग तिने पाकिटातला बाबांचा छोटा फोटो काढला आणि खुणेने विचारलं की ठेवू का, आणि त्या बाईंनी जागा करून दिली. बाबांना जाऊन चार वर्षं झालीत. चौथ्या मजल्यावरच्या त्या सुंदर गॅलरीत हे झालं नसतं.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. बाहेर शाकाहारी मिळतं, फुटपाथवर बायका निळ्या मक्याचे त्लाकोयो भाजत बसलेल्या असतात, आत वालाचं किंवा घेवड्याचं सारण, वर निवडुंगाची भाजी, मस्त लागतं, आणि भोपळ्याच्या फुलांच्या केसादिया, म्हणजे दुमडलेल्या मक्याच्या पोळ्याही मिळतात. पण घेवड्याच्या उसळीत आणि तामाले या मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थात डुकराची चरबी बऱ्याचदा असते, तिला मांतेका म्हणतात, त्यामुळे "सिन कार्ने, सिन मांतेका" हे चार शब्द पाठ करून जा, म्हणजे मांस नको, चरबी नको. आणि छोटा कुकर बरोबर न्याच. त्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशालाच उकळतं, पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही, आमची पहिली खिचडी अशीच कच्ची राहिली. दादाकडून तीन लिटरचा कुकर उचलून नेला होता तो दुसऱ्या घरी कामाला आला. कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोवर गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, आणायच्या, त्या फडक्यात गुंडाळून, आणि घरी वरण आणि कोशिंबीर. नळाचं पाणी प्यायचं नाही, वीस लिटरचे जार येतात, घरात जार आहे का आणि संपला तर कोण देणार हे आधी विचारा. गच्चीवर पाण्याची टाकी असते आपल्यासारखीच, आणि पाणी जाणं हेही आपल्यासारखंच, तेव्हा तेही विचारा. आंघोळीच्या गरम पाण्याला तेही बॉयलरच म्हणतात. बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, एक छोटा प्लास्टिकचा मग बरोबर न्या.

सकाळी झोपायचं असेल तर सांगते, कुठल्याही भागात राहा, रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी जाणारच, एका लहान मुलीच्या आवाजातली रेकॉर्ड लावून, गाद्या, फ्रिज, स्टोव्ह, वॉशिंग मशीन, जुनं लोखंड विकत घेतो अशी. अख्ख्या शहरात तोच एक आवाज. संध्याकाळी रताळीवाल्याची गाडी येते, वाफेची लांब शिट्टी मारत. आईला दोन दिवसांत आवाजावरून काय आलंय ते कळायला लागलं.

आता भूकंपाचं बोलायलाच हवं, कारण रोमा-कोंदेसाचं सगळं चांगलं सांगायचं आणि हे लपवायचं असं मला जमणार नाही. हे शहर तेश्कोको नावाच्या तळ्यावर बसलंय, तळं आटवून त्याच्या गाळावर. गाळ मऊ, त्यामुळे लांबचा धक्काही इथे मोठा होऊन हलतो. १९ सप्टेंबर १९८५ ला केंद्र पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ होतं, साडेतीनशे किलोमीटरवर, आणि पडझड इथे झाली, हजारो माणसं गेली, रोमा आणि सेंत्रोचं फार नुकसान झालं. आणि २०१७ मध्ये परत, तारीख तीच, १९ सप्टेंबर, सकाळी भूकंपाची रंगीत तालीम झाली आणि दोन तासांनी खरा भूकंप. कोंदेसात तेव्हाही इमारती पडल्या. किल्लारी आठवणाऱ्या आपल्या पिढीला हे ऐकून काय होतं ते मला माहीत आहे. तर घर बघताना जुनी उंच इमारत टाळा, बैठं किंवा दोन मजली बघा, बाहेर पडायचा रस्ता पहिल्याच दिवशी बघून ठेवा. रस्त्यावर भोंगे लावलेत, धक्का पोचायच्या आधी काही सेकंद ते वाजतात, तेव्हा चपला शोधत बसायचं नाही. जमीन खचतेय ती वेगळीच, रेफोर्मा या मोठ्या हमरस्त्यावर स्वातंत्र्याचा जो सोनेरी देवदूताचा खांब आहे ना, १९१० चा, त्याच्या पायथ्याला नंतर १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या कारण भोवतालचा रस्ता खाली गेला.

दुसरी जी गोष्ट मनाला लागली ती भाड्यांची. रोमा-कोंदेसात अमेरिकेतून लॅपटॉप घेऊन येणारे लोक इतके झालेत की तिथले राहणारे बाहेर फेकले जातायत. जुलै २०२५ मध्ये याच भागात मोठे मोर्चे निघाले. त्याच्या आदल्या वर्षी शहराने कायदा केला होता की असं पर्यटकांना द्यायचं घर वर्षातल्या निम्म्या रात्रींपेक्षा जास्त देता येणार नाही. आपल्या पुण्यातही भाडं परवडत नाही म्हणून माणसं कुठून कुठे सरकली आपण बघतोय. म्हणून मी आता अख्खा फ्लॅट घेत नाही, जिथे मालक स्वतः राहतो अशा घरातली खोली बघते, नाहीतर साधं हॉटेल. त्यात आपलाही फायदा आहे, अडलंनडलं तर कोणीतरी वर आहे.

बाकी भाग थोडक्यात. पोलांको म्हणजे श्रीमंत वस्ती, रस्त्यांची नावं होमर, होरेस अशी, मानववंशशास्त्राचं ते थोर म्युझियम आणि चापुल्तेपेकचं जंगल चालत गाठता येतं, जमीन जरा घट्ट, सुरक्षित, आणि महाग. बजेट असेल आणि सासूबाई बरोबर असतील तर वाईट नाही, पण रस्त्यावरचं आयुष्य कमी. सांता फे म्हणजे हिंजवडी. काचेच्या इमारती, लांब, आणि संध्याकाळचं ट्रॅफिक. ऑफिस तिथे आहे म्हणून कंपनी तिथलं हॉटेल देते, मावसबहिणीच्या नवऱ्यालाही देतेय, पण फिरायला आलेल्या माणसाने तिथे राहू नये. हुआरेस आणि सोना रोसा, रेफोर्माच्या कडेला, तिथे लिफ्टवाली सरळ हॉटेलं आहेत, मध्यवर्ती आहे, रविवारी सकाळी रेफोर्मा गाड्यांना बंद असतो आणि सगळं शहर सायकलवर येतं ते दारातून बघायला मिळतं, मात्र सोना रोसाच्या आतल्या गल्ल्यांत रात्री बार चालतात. दोक्तोरेस, तेपितो, गारिबाल्दी चौकाच्या मागचा भाग, इथे खोली कितीही स्वस्त दिसू दे, घेऊ नका.

कोयोआकानचं मात्र थोडं जास्त सांगते. कोयोटींचं गाव असा नावाचा अर्थ, शहराच्या दक्षिणेला, एके काळी वेगळं गाव होतं आणि शहर वाढत वाढत येऊन त्याला भिडलं, आपलं कोथरूड जसं. दगडी गल्ल्या, बुटकी रंगीत घरं, चौकात कोयोटींचं कारंजं, चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर इथेच (तिकीट आधी ऑनलाइन काढा, सोमवारी बंद). आम्ही एक दिवस गेलो आणि आई म्हणाली आपण इथेच का नाही राहिलो. राहण्यासारखं आहेच, पण सेंत्रोपासून दहा-अकरा किलोमीटर, मेट्रो स्टेशनपासून चौकापर्यंत पुन्हा चांगलं वीस मिनिटं चालायचं. शनिवार-रविवारी पाऊल ठेवायला जागा नसते, मधल्या वारी मात्र इतकं शांत की विचारू नका. पहिल्यांदा चार-पाच दिवस जाणाऱ्याला मी सांगणार नाही. दहा दिवस असतील, घाई नसेल, तर शेवटचे तीन इथे काढा.

जिथे राहाल तिथून मेट्रोबस किंवा मेट्रोचं स्टेशन सात-आठ मिनिटांच्या आत असू दे. मेट्रोचं तिकीट ५ पेसो, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये, कुठूनही कुठेही. प्रत्येक स्टेशनला चित्र आहे, चापुल्तेपेकला नाकतोडा, कोयोआकानला कोयोट, त्यामुळे अक्षर न वाचता येणारा माणूसही उतरतो. आईने सगळी चित्रं पाठ केली, "नाकतोड्याला उतरायचंय ना?" गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात. रात्री मात्र अ‍ॅपची टॅक्सी. आणि तिकीट काढताना विमानतळ कुठला ते बघा, २०२२ पासून दोन आहेत, जुना बेनितो हुआरेस शहरात आहे आणि नवा फेलिपे आंखेलेस चाळीसेक किलोमीटर लांब, तिकीट स्वस्त दिसतं आणि टॅक्सीत तेवढेच जातात.

मावसबहीण जाणार तेव्हा जाकारांदा फुललेले असतील, आपला नीलमोहर, रोमा-कोंदेसाचे रस्ते जांभळे होतात म्हणे, ते आम्हाला मिळालं नाही. ईस्टरच्या आठवड्यात शहरातले लोक समुद्रावर जातात, त्यामुळे गर्दी कमी असते, घरं मिळतात. ऑक्टोबरअखेर याच्या अगदी उलटं, मृतांचा सण असतो आणि फॉर्म्युला वनची रेसही साधारण तेव्हाच, खोल्यांचे भाव आम्ही पाहिलेत.

फोन ठेवायच्या आधी मी तिला घरमालकांना विचारायचे प्रश्न लिहून दिले, कितवा मजला, लिफ्ट आहे का, खाली बार किंवा हॉल आहे का, तुम्ही तिथेच राहता का, पाण्याचा जार कोण देतं, रात्री आठला चालत जाता येईल अशी बाग कुठली. काल तिने तीन घरांना विचारलं. दोघांची उत्तरं आली, एक चौथ्या मजल्यावर निघालं म्हणून तिने स्वतःच सोडलं, आणि एक पार्के मेहिकोच्या मागच्या गल्लीत, तळमजला, मालकीण वर राहते. आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं की बाग कुठल्या बाजूला आहे, कारंज्याच्या की बदकांच्या, कारण तिचा बाक बदकांच्या बाजूला होता. तेवढं आता विचारायचं राहिलंय.